पेनॉकला न गेलेली पत्रं

वॉशिंग्टन, मंगळवार, १० मार्च १८१२

आजपासून हिटीला पत्र लिहायचं नाही. रोज जेवणाआधी तासभर बायकोला लिहायचं, ही इथं सभासद म्हणून आल्यापासूनची, पाच अधिवेशनांची सवय आहे. हाताला एकदम गप्प बस म्हटलं तर तो ऐकणार नाही, म्हणून ही वही आणली. ट्रंकेला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात.

झालं ते असं. काल राष्ट्राध्यक्षांनी एका इंग्रज हेराची पत्रं सभागृहापुढे ठेवली. हा मनुष्य तीन वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या आमच्या न्यू इंग्लंडात हिंडून, संघराज्य सोडून इंग्लंडच्या पदराखाली जायला कोण कोण तयार आहे याचा तपास करत होता म्हणे. पत्रांत नाव एकाचंही नाही. त्यामुळे आता आम्ही सगळेच संशयित.

मिसेस डॉइगच्या या घरात आम्ही सगळे उत्तरेकडचे सभासद भाड्यानं राहतो. दक्षिणेकडचे लोक टेकडीच्या पलीकडच्या घरांत राहतात, आणि तेच बरं आहे. एकटे मेबँक तेवढे आमच्यात आले आहेत. ते दक्षिण कॅरोलायनाचे, तांदळाचे मळेवाले. जानेवारीत त्यांच्या बिऱ्हाडाला आग लागली, तेव्हा मिसेस डॉइगनं त्यांना आणि त्यांच्या टायटस नावाच्या गुलामाला जागा दिली. बाई म्हणते, वाकून नमस्कार करणारा माणूस घरात एक तरी हवा.

आज नाश्त्याला हे मेबँक मला म्हणतात, "मिस्टर थर्लो, ते हॅम जरा इकडं सरकवा. आणि खरं सांगा, इंग्रजांनी तुमच्याकडं माणसामागं काय भाव काढला होता?"

हॅडली हसला. हॅडली व्हरमाँटचा, माझा जुना दोस्त, तरी हसला. मी म्हणालो, "माणसांचे भाव तुम्हाला जास्त ठाऊक, मिस्टर मेबँक. आमच्याकडे माणसं विकत नाहीत."

टायटस तेव्हा मेबँकच्या मागं उभा राहून कॉफी ओतत होता. पन्नाशीचा, शांत गडी. त्याचा हात हलला नाही. बाकी टेबल मात्र गार पडलं, आणि टोला बरोबर बसला म्हणून मी आणखी एक अंडं घेतलं.

दुपारी परराष्ट्र व्यवहारांची समिती बसली. आम्ही सात जण, त्यात मेबँकही आहेत. दार लावून आम्हाला जे सांगितलं ते असं: एप्रिलच्या सुरुवातीला सगळ्या बंदरांवर जहाजबंदी येणार. एकही जहाज परदेशी जाणार नाही, आणि तिच्या पाठोपाठ इंग्लंडशी लढाई. आधी कुणकुण लागली तर व्यापारी रातोरात जहाजं काढतील, म्हणून सातही जणांची शपथ झाली.

शपथ झाल्यावर मेबँक छताकडे बघत म्हणाले, "उत्तरेच्या टपालावर लक्ष कोण ठेवणार?"

मी उठलो. म्हणालो, "बंदी जाहीर होईपर्यंत मी घरी एक अक्षर लिहिणार नाही. बायकोलासुद्धा नाही. न्यू इंग्लंडचा शब्द कसा असतो ते बघून घ्या."

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, इतकं कशाला? हवापाण्याचं लिहा की."

मी म्हटलं, नाही म्हणजे नाही.

गुरुवार, १२ मार्च

हात शिवशिवतो आहे.

या वेळी माझ्या गावी, पेनॉकला काय चाललं असेल ते डोळ्यांपुढे येतं. टपाल मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी येतं. हिटी शाल घेऊन माझी पत्रं तिच्या भावाच्या, ओबेडच्या दुकानात नेते. तिथं पिंपांवर बसलेले कप्तान वाट बघत असतात. ती सार्वजनिक मजकूर मोठ्यानं वाचते आणि खाजगी ओळी अशा सफाईनं गाळते की ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. ओबेडची चार जहाजं आहेत, बाकीच्यांची मिळून सात. सध्या सगळ्यांचा रोख लिस्बनकडे आहे, कारण तिथं इंग्रजांच्या फौजेला पीठ हवं आहे. पीठ कोण खातं हे पेनॉकमध्ये कोणी विचारत नाही.

१८०७ सालच्या जहाजबंदीच्या वेळीही मी असाच तोंड शिवून बसलो होतो. गावात कोणाला पत्ता लागला नाही. पत्र नाही म्हणजे मला ताप आला असणार असं समजून हिटीनं सिंकोनाच्या सालीची पुडी पाठवली होती. मग बंदी आली, आणि जहाजं पंधरा महिने धक्क्याला कुजली. ओबेड माझ्याशी वर्षभर बोलला नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण अभिमानही वाटतो. शब्द म्हणजे शब्द.

शनिवार, १४ मार्च

मेबँकवर नजर ठेवायची असं ठरवलं आहे. आज सकाळी त्यांनी सहा पत्रं पाठवली. सहा! लाखेचा वास जिन्यापर्यंत आला होता. एवढं काय लिहायचं असतं माणसाला? शिवाय परवा ते इंग्रज सरकारच्या वकिलाकडे जेवायला गेले होते. जातात सगळेच, त्याचा स्वयंपाकी चांगला आहे, पण शपथेनंतर दोन दिवसांत जायचं म्हणजे काय?

मी सहज विचारलं, "काय होतं जेवायला?"

"कासवाचं सूप. तुमचीही आठवण निघाली."

"माझी? कशाबद्दल?"

"त्यांनी विचारलं, मिस्टर थर्लो अलीकडे इतके गप्प का?"

म्हणजे मी गप्प आहे हे इंग्रज वकिलाला सांगितलं कोणी? एकच माणूस तिथं असा होता ज्याला ते ठाऊक आहे. मेबँकना तांदूळ विकायचा आहे. बंदी आली तर त्यांचाही तांदूळ चार्ल्स्टनला सडणार. आपलं पीक वेळेवर बाहेर काढायला एका ओळीचं पत्र पुरे आहे. देशभक्तीचे ढोल बडवणाऱ्यांचे खिसे आधी बघावेत असं मला नेहमी वाटत आलं आहे.

सोमवार, १६ मार्च

आज एक गोष्ट पाहिली. ती नीट लिहून ठेवतो.

सकाळी बाल्टिमोरची गाडी कोपऱ्यावर थांबली होती. गाडीवान डोनेली घोड्यांना पाणी पाजत होता. टायटस घराच्या मागच्या दारानं आला, इकडं तिकडं पाहिलं, आणि कोटाखालून एक पुडकं काढून डोनेलीच्या हातात दिलं. डोनेलीनं ते बसायच्या फळीखाली सरकवलं. दोघं एक शब्द बोलले नाहीत.

मी टायटसला अंगणात गाठलं. "काय होतं रे त्या पुडक्यात?"

"माझं थोडं सामान, साहेब."

"बाल्टिमोरला तुझं कोण आहे?"

"कोणी नाही, साहेब."

फार लवकर म्हणाला. ज्याचं कोणी नसतं तो जरा आठवून मग नाही म्हणतो.

जेवताना मी मेबँककडे विषय काढला, पण दुरून. म्हटलं, तुमचा टायटस बोलत नाही फारसा. ते म्हणाले, "पूर्वी बोलायचा. दहा साली त्याची मुलगी चार्ल्स्टनहून पळाली, माझ्या बहिणीच्या घरातून. हातपत्रकं लावली, कुत्री सोडली, काही उपयोग झाला नाही. बुडाली असणार. तेव्हापासून त्यानं जीभ गिळली आहे."

मला ते पटलं नाही. म्हणजे मुलीचं खरं असेल, पण मेबँकनी मला गप्प करायला ते सांगितलं. पुडकं आणि बाल्टिमोर यांवरून माझं लक्ष उडावं म्हणून. बाल्टिमोरला इंग्रज दलाल माश्यांसारखे बसलेले असतात, आणि तिथून उत्तरेकडे जलद बोटी जातात. मालक स्वतःच्या हातानं टपालात टाकणार नाही, नोकराच्या कोटाखालून पाठवणार. मी तूर्त गप्प बसणार आहे. पण तारीख लिहून ठेवली आहे.

गुरुवार, १९ मार्च

मिसेस डॉइग आज बिछाना झाडता झाडता म्हणाली, "बायकोशी भांडलात वाटतं?"

"कोण म्हणतं?"

"दहा दिवस झाले, टपालाच्या पिशवीत तुमचं एकही पत्र नाही. पोस्टातला पोऱ्यासुद्धा विचारत होता, तुमचे थर्लोसाहेब आहेत ना?"

मी म्हटलं, बाई, आपण चादरी बघा. पण बसलो ते विचार करत. हिला माझ्या पत्रांशी काय करायचं आहे? मोजते की काय रोज? आणि पोस्टातल्याला काय घेणं? हे सगळं शहर कान टवकारून बसलेलं आहे. आजपासून ट्रंकेवर खुर्ची ठेवून झोपणार.

रविवार, २२ मार्च

सभागृहातच प्रार्थना झाली. सभापतींच्या खुर्चीखाली उभं राहून पाद्री बोलला, आणि मागं बसलेल्या बायका नव्या टोप्यांबद्दल कुजबुजत होत्या. मेबँक प्रार्थनेच्या मधूनच उठून गेले. कुठं?

पेनॉकची फार आठवण आली. आमच्याकडे रविवारचा शब्बाथ म्हणजे शब्बाथ, कामाचं नाव नाही. धक्क्यावर आज कोणी दोरसुद्धा ओढणार नाही. चर्चचा कारभारी डीकन पेल म्हातारा लाकडाच्या पायरीवर बसून पोरांना ओरडत असेल, शीळ घालू नका म्हणून. ते निर्मळ जग आणि हा चिखल. मी तिथल्या लोकांसाठी तोंड मिटून बसलो आहे, आणि त्यांना त्याची कल्पनाही नाही.

गुरुवार, २६ मार्च

हिटीचं पत्र, १९ तारखेचं. "आज टपालात तुमचं काही नाही. ताप तर नाही ना? सिंकोनाची साल पाठवते आहे, उकळून घ्या." पुडी सोबत आहेच. पुढं लिहिलं आहे, "ओबेड संध्याकाळी आला होता. तुमची सात सालची पत्रांची चळत मागत होता. दिली." ओबेडला जुनी पत्रं कशाला हवीत कोण जाणे. बहुधा माझ्या जुन्या चुका काढून पुन्हा टोमणे मारणार.

तासभर कोरा कागद समोर ठेवून बसलो. 'मी बरा आहे', एवढे तीन शब्द लिहिले तर काय बिघडणार होतं? पण मग समितीपुढे मेबँकनी विचारलं असतं, मिस्टर थर्लो, लिहिलंत का? आणि मला हो म्हणावं लागलं असतं. ते तोंड मला बघायचं नव्हतं. कागद परत ठेवून दिला.

सोमवार, ३० मार्च

जे व्हायचं तेच झालं.

सकाळी बॉस्टनचं वर्तमानपत्र आलं. हॅडली मोठ्यानं वाचत होता आणि मधेच थांबला. मेबँकनी त्याच्या हातून वर्तमानपत्र घेतलं आणि पुढचं वाचलं. "गेल्या चार दिवसांत मेनच्या किनाऱ्यावरून जहाजं अशी सुटली आहेत की जणू मागं आग लागली. सुरुवात पेनॉकपासून झाली म्हणतात. ते पाहून शेजारच्या बंदरांनीही नांगर उचलले. कारण कोणी सांगत नाही."

त्यांनी ते घडी करून माझ्या बशीशेजारी ठेवलं. "पेनॉक. कुणाचं गाव बरं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मिसेस डॉइग चहाची किटली घेऊन दारात उभी होती, तीसुद्धा. मी म्हणालो, "मी एक अक्षर लिहिलेलं नाही. पोस्टात विचारा. या बाईला विचारा!"

"नाही लिहिलं, ते खरं आहे," मिसेस डॉइग म्हणाली. "मीच टोकलं होतं."

"मग कबुतर पाठवलंत की काय?" मेबँक म्हणाले.

आणि मग मी बोललो. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, "कबुतर कशाला? १६ तारखेला तुमच्या टायटसनं बाल्टिमोरच्या गाडीवानाला कोटाखालून पुडकं दिलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. त्यात काय होतं ते आधी विचारा. बाल्टिमोरहून बोटीनं पेनॉक चार दिवसांवर आहे."

मेबँक पांढरे पडले. त्यांनी टायटसला समोर बोलावलं. "दिलंस का पुडकं?"

"दिलं, साहेब."

"काय होतं त्यात?"

"माझं सामान होतं."

"कोणासाठी?"

टायटसनं हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

"टायटस, तीस वर्षं तू माझ्याजवळ आहेस. इथं माझी अब्रू पणाला लागली आहे. कोणासाठी?"

"ते नाही सांगता येणार, साहेब," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही विचारलंत तेव्हाही मी सामान म्हणालो होतो, साहेब. तेच होतं."

मेबँकनी खुर्ची मागं ढकलली आणि त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून उठून त्या दारावर गेल्या, आणि मला बरं वाटलं. खरं ते लिहितो. मोकळा श्वास आला. हॅडली मात्र आपल्या बशीत बघत म्हणाला, "ॲसाहेल, चुकला असशील तर?"

"मग तो सांगत का नाही?" मी म्हटलं.

हॅडली नाश्ता अर्धा टाकून उठला.

मंगळवार, ३१ मार्च

मेबँकनी टायटसला अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याला विकलं. नाश्त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "मिस्टर थर्लो, माझ्या घरात गुपितं विकली जात नाहीत, हे आता आपल्या समितीला कळेल." कॉफी मिसेस डॉइगनं ओतली. तिनं माझा पेला भरला नाही.

मी गुलामी कधीच मानली नाही. पेनॉकमध्ये एकाच्याही घरी गुलाम नाही. विकायला मी सांगितलं नव्हतं. मी फक्त जे पाहिलं ते बोललो.

बुधवार, १ एप्रिल

प्रेक्षकांच्या गॅलऱ्या रिकाम्या केल्या, दारं लावली. बंदीचा ठराव सभागृहात मंजूर झाला. मेबँक आणि मी, दोघांनीही बाजूनं मत दिलं. एकमेकांकडे बघितलं नाही.

शनिवार, ४ एप्रिल

राष्ट्राध्यक्षांची सही झाली, बंदी जाहीर झाली. आता तोंड मोकळं आहे. संध्याकाळी हिटीला लिहायला बसलो, आणि काय लिहावं ते सुचेना. चार ओळी लिहिल्या: मी बरा आहे, साल मिळाली, शपथेमुळे लिहिता आलं नाही, शब्द पाळला.

टायटसचं लिहिलं नाही. गरज वाटली नाही.

बुधवार, ८ एप्रिल

हिटीचं पत्र, १ तारखेचं. माझं तिला पोचायच्या आधीच लिहिलेलं. उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या मला हे स्वप्न वाटणार नाही.

"माझे शहाणे नवरोबा, ओबेडनं ताकीद दिली होती की जहाजं दिसेनाशी होईपर्यंत तुम्हाला एक अक्षर लिहायचं नाही, म्हणून इतके दिवस कळ काढली. आता सांगते. गुरुवारचं टपाल रिकामं आलं, तेव्हा मला तापाचं वाटलं. शनिवारचंही रिकामं आलं. दुकानात सगळे पिंपांवर बसून माझ्या हाताकडे बघत होते आणि हातात काही नव्हतं. तेव्हा ओबेडनं सात सालच्या पत्रांची चळत काढली. त्यानं तारखा लावल्या आणि बघितलं तर तुमची पत्रं थांबली आणि मागोमाग बंदी आली. तो म्हणाला, 'ॲसाहेल मेला असता तर वर्तमानपत्रात आलं असतं. आजारी असता तर कण्हत का होईना चार पानं लिहिली असती. बायकोला न लिहिता हा माणूस दोन दिवस जगत नाही. याचं तोंड बांधलेलं आहे, आणि तोंड बांधण्याजोगी गोष्ट एकच आहे.' मग काय विचारता! रविवारी, शब्बाथला, भर प्रार्थनेच्या वेळी जहाजांवर पिठाची पिंपं चढवली. डीकन पेल धक्क्यावर आला. आम्हाला वाटलं, आता शाप देतो. त्यानं कोट काढला आणि दोर धरला. सोमवारी अकराच्या अकरा जहाजं बाहेर. सगळं गाव तुमचं नाव घेतं आहे. एक शब्द न लिहिता, शपथ न मोडता, केवढ्या हुशारीनं कळवलंत! ओबेडनं तुमच्यासाठी उत्तम रमचं पिंप बाजूला ठेवलं आहे. सात सालचं सगळं माफ, म्हणतो."

दोनदा वाचलं. मग उठून खिडकी उघडली.

हवापाण्याचं लिहा की, असं अध्यक्ष म्हणाले होते. रोज चार ओळी पावसाच्या आणि हॅमच्या लिहिल्या असत्या तर आज पेनॉकची जहाजं धक्क्याला असती, आणि टायटस खाली कॉफी ओतत असता. मेबँकनी काही केलं नव्हतं. त्यांनी सहा पत्रं लिहिली, आणि सहाही साधीच असणार. मिसेस डॉइगला कळलं होतं, पोस्टातल्या पोऱ्याला कळलं होतं. मला कळलं नाही, कारण मी सगळ्यांच्या खिशात बघण्यात गुंतलो होतो.

गुरुवार, ९ एप्रिल

पत्र घेऊन मेबँकच्या खोलीत गेलो. ते स्वतःचे बूट पुसत होते, आणि वाईट पुसत होते. त्यांनी पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"म्हणजे बातमी तुम्हीच दिलीत. गप्प बसून."

"हो. त्याला परत आणा, मिस्टर मेबँक. जे लागेल ते मी देतो."

"अलेक्झांड्रियाहून टोळी शुक्रवारी निघाली, साखळीत. दक्षिणेला कुठं, ते व्यापारी सांगत नाही. मी काल माणूस पाठवला होता."

काल. म्हणजे मी हिटीचं पत्र दाखवायच्या आधीच. हे मी धरलं नव्हतं.

"तुम्ही विकलंत," मी म्हणालो.

"मी विकला. नाही कुठं म्हणतोय? पण बोट कोणी दाखवलं?" त्यांनी पत्र माझ्याकडे टाकलं. "तुमच्या गावच्या रमची चव कशी आहे ते कळवा."

मी दारापर्यंत पोचलो तेव्हा ते मागून म्हणाले, "मग त्या पुडक्यात होतं काय? का बोलला नाही तो? त्यात काहीतरी होतं, थर्लो. मी शोधून काढीन."

समितीच्या अध्यक्षांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, ठराव झाला, आता ही राख कशाला उकरता? तुम्ही काही लिहिलं नाहीत ना? मग तुमच्यावर ठपका नाही.

शनिवार, ११ एप्रिल

सकाळी कोणीतरी मागचं दार ठोठावलं. मिसेस डॉइग बाजारात गेली होती, म्हणून मी उघडलं. डोनेली होता, बाल्टिमोरचा गाडीवान. टोपी हातात.

"म्हातारा कुठाय? टायटस? माझ्या किती फेऱ्या झाल्या, कोपऱ्यावर येतच नाही."

"काय काम आहे?"

"तुम्ही मालक त्याचे?"

"नाही. मी उत्तरेकडचा."

तो जरा सैल झाला. कोटातून लोकरीच्या मोज्यांचा जोड काढला, घरी विणलेला, राखाडी. "हे त्याला द्या. पोरीनं विणलेत. म्हणावं, बूट बसले. डावा जरा चावतो, पण घालते रोज." मग एकदम त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मी कोणाची पोर ते बोललो नाही हं, साहेब. मी काहीच बोललो नाही."

पुडक्यात बूट होते. बुडालेल्या मुलीसाठी बूट.

जिन्यावर पावलं वाजली. "कोण आहे, थर्लो?" मेबँकनी वरून विचारलं.

मोजे मी कोटाखाली घातले. "गाडीवान आहे. चुकून या घरी आला."

"बाल्टिमोरचा?"

"नाही. जॉर्जटाउनचा."

पावलं परत वर गेली. मी डोनेलीला ओढत अंगणात नेलं आणि सांगितलं. टायटसला विकलं, दक्षिणेला नेलं, कुठं ते माहीत नाही. कोणामुळे ते सांगितलं नाही. तो टोपीची कड दाबत उभा राहिला.

"तिला काय सांगू?"

"काही सांगू नका. तूर्त काहीच नको."

"रोज येते हो. गाडी लागली की फाटकाशी उभी असते. बाप दर फेरीला काही ना काही द्यायचाच, बिस्किट, नाहीतर सुताची गुंडी. आणि काही नसलं तर निदान निरोप. गेले आठ-दहा दिवस मी तिला थापा मारतोय, म्हातारा कामात आहे म्हणून." तो घोड्यांकडे बघत होता. "आजही हात हलवतच गेलो तर मला काही सांगायला लागणार नाही, साहेब."

गाडी दहाला सुटली. तिचं नाव त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मोजे ट्रंकेत ठेवले आहेत. पाकिटात टाकून कुठं पाठवायचे?

आता हिटीला लिहायला बसलो आहे. रोज लिहायचं, एकही दिवस चुकवायचा नाही, असं ठरवलं आहे. हवापाण्याचं लिहिलं. काल पाऊस होता, आज ऊन आहे, पीच फुलला आहे.

बाल्टिमोर इथून एका दिवसावर आहे. संध्याकाळी गाडी पोचेल तेव्हा ती फाटकाशी उभी असेल, आणि डोनेली रिकाम्या हातानं खाली उतरेल.